बैलाचा ढग

१

जेवून, हात धुऊन मी ओसरीवर आले, तेव्हा पेटीतला बैल गेला होता.

पेटी जागच्या जागी होती. झाकण लावलेलं, वरचं कापड चारी बाजूंनी नीट खोचलेलं. आमचे यजमान भगवंतराव यांची काच काढायची म्हणून मी झाकण उघडलं. खाचांमध्ये सगळ्या काचा उभ्या होत्या, फक्त शेवटची खाच रिकामी होती.

हा बैल हाडामासाचा नव्हता. तो एक ढग होता, आणि ढगही आता आभाळात नव्हता, काचेवर होता. माझे वडील खुशालराव यांनी भाद्रपदात बार्शीटाकळीच्या शिवारात तो टिपला आणि तापानं फणफणत अमरावतीला घरी आणला. त्यानंतर त्यांनी काहीच टिपलं नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

त्या वर्षी, शके सतराशे शहाऐंशीत, वऱ्हाडात कापसाखेरीज कोणी कशाचं बोलत नव्हतं. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा माल विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या बोंडांना सोन्याचे दिवस आले होते. कालपर्यंत ज्यांच्या घरी आरसा नव्हता त्यांना आज स्वतःची तसबीर हवी होती. बाबा पूर्वी मोजणीखात्यात नकाशे काढत. तिथला एक साहेब मायदेशी जाताना आपला कॅमेरा त्यांना विकून गेला, आणि बाबा अमरावती-अकोल्याच्या वाटेवर गाडी घेऊन हिंडू लागले. शेठ लोकांच्या तसबिरींतून जे मिळे ते सगळं ढगांवर उडवत.

आभाळ टिपणं अवघड काम. काचेवर औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच टिपायची आणि ओली असतानाच काळ्या तंबूत नेऊन हिराकसाच्या पाण्यानं उजळायची. माणूस नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली, तर आभाळ करपून जातं आणि कागदावर कोरं येतं. म्हणून सगळ्या तसबिरींत माणसांच्या डोक्यावर काहीच नसतं. ढग हवा असेल तर कॅमेऱ्याची टोपी काढली न काढली तोच परत लावायची, आणि मग खालची जमीन काळीच राहते. "राहू दे काळी," बाबा म्हणत. "आपली जमीन काळीच हाये."

काच सुकली की चित्राच्या बाजूला चंद्रसाच्या राळेचं रोगण. ज्या घरी काचा दाखवत तिथं त्यांची एकच ताकीद असे, "रोगणाची बाजू वर. कागदाबिगर कशालेच टेकवू नका, चरा पडते." उजेडासमोर धरली तर काचेवरचा ढग काळा दिसायचा. पण काच काळ्या घोंगड्यावर ठेवली की तोच ढग पांढराशुभ्र होऊन वर यायचा, आणि बघणारे नकळत हात पुढे करायचे.

बैलाच्या काचेवर आणखी एक गोष्ट होती. अमरावतीला घरी, तापाच्या भरात, रोगण वाळायच्या आतच बाबांनी ती उचलली. बैलाच्या शेपटीपाशी त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहिला.

त्या काचेवरून बाबांनी एकच कागद उतरवला होता. तोही पुरता धुतलेला नव्हता, त्यामुळे दिवसेंदिवस पिवळा पडत चालला होता. काच गेली म्हणजे ढग गेला.

आणि अंगठाही.

२

"काच गेली?" भगवंतराव गरजले. "माया घरातून? दरवाजा लावा रे! कोनी हलाचं नाई!"

"मालक, दरवाजा कुठी हाये?" आतून कोणीतरी म्हणालं.

ते खरं होतं. जुना दरवाजा भगवंतरावांनी काढून टाकला होता आणि नवा, मोरांच्या नक्षीचा सागवानी दरवाजा अकोल्यात सुताराकडे अर्धा कोरून पडला होता. कापसाच्या पैशानं त्या वर्षी अशी अर्धी कामं गावोगाव उभी होती.

मी आदल्या दिवशी गाडी घेऊन बार्शीटाकळीला त्यांच्याकडे उतरले होते. बाबांनी त्यांची काच टिपून ठेवली होती, तिचा कागद उतरवून द्यायचा राहिला होता. घराच्या मागच्या अंगणात पंगत होती आणि पेटी पुढच्या ओसरीवर. भगवंतराव जेवता जेवता मध्येच उठून पुढे गेले होते. जुन्या अकोल्याहून आलेला चितारी नत्थुजी, जो तसबिरी रंगवून त्यांना चौकटी बसवत असे, सगळ्यांच्या आधी जेवून उठला होता. आमचा गाडीवान पुंजाराम पुढच्या लिंबाखाली गाडीपाशी होता.

"याले धरा," भगवंतराव पुंजारामकडे बोट करून म्हणाले. "समोर बसून होता, अन याले दिसलं नाई?"

"मी बैलांकडे पाहून राह्यलो होतो मालक," पुंजाराम म्हणाला. "तुमी जेवाले उठले तवापासून त्यायचंई जेवण चालू होतं."

एव्हाना आवाजानं शेजारपाजार गोळा झाला होता. नाल्यापलीकडे मळा असलेली मनकर्णाबाईही टोपली घेऊन आली. आमच्या पंगतीची वांगी तिनंच आणून दिली होती. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि झेंडूची फुलं देठावरून खुडू लागली, जणू तमाशा सुरू व्हायची वाट बघते आहे.

मी पेटी पुन्हा पाहिली. चांदीच्या पाण्याची बाटली काचांशेजारीच होती. ती विकली तर महिनाभर घर चालेल, पण तिला कोणी हात लावला नव्हता. दुसरी एकही काच हलली नव्हती, आणि कापड तर माझ्यापेक्षा नीट खोचलेलं होतं. ज्यानं नेलं त्याला फक्त तो ढग हवा होता, आणि बाकीच्या काचांची त्याला काळजी होती.

असा चोर मी ऐकला नव्हता.

"काका," मी भगवंतरावांना म्हटलं, "मले संध्याकाळपर्यंत सगळ्यायशी बोलू द्या. तवरी कोनाले धरू नका."

"बोल. पन संध्याकाळी मी धरनार," ते म्हणाले, आणि त्यांनी पुंजारामकडे असं पाहिलं की पुंजारामनं बैलाच्या आड उभं राहणं पसंत केलं.

३

सुरुवात मी यजमानांपासूनच केली.

"काका, तुमी जेवता जेवता उठले होते."

"उठलो होतो. कापसाची गाडी आली. कापूस आला अन मी पानावर बसून राह्यलो, असं कधी झालं काय?"

"अन बाबांचा ढग तुमाले तुमच्या तसबिरीत पायजे होता. काल मी नाई म्हटलं."

"पायजे होता! अजूनई पायजे!" ते गादीवर सरसावून बसले. "अकोल्याच्या शेटच्या डोक्यावर ढग हाये, मंग माया डोक्यावर काहून नाई? मी काय उघड्यावर पडलो? पन पोरी, ढगाची चोरी करून मी थो लपवू कुठी? तसबीर त भिंतीवर लावतेत ना? आल्या-गेल्याले दिसन."

हे बिनतोड होतं.

"अन ढगाचं सोड," त्यांनी आवाज खाली आणला, "माया मसाचं पाय. काल तू मायी काच घोंगड्यावर ठेवली, त मस डाव्या गालावर! ज्योतिषानं सांगतलं होतं, उजव्या गालावर मस हाये म्हणून कापसाले भाव भेटला. तुया बापानं थो सरकवला. आता भाव उतरला त?"

"रोगणाची बाजू वर ठेवली की डावं-उजवं बदलते काका. आरशावानी. कागदावर उतरला की मस जागेवर येते."

"आला पायजे," ते म्हणाले, आणि खात्री म्हणून गालाला हात लावून पाहिला.

नत्थुजी चौकटीला खिळे ठोकत होता. त्यानं काहीच लपवलं नाही.

"बाई, थो ढग मले पायजे होता. माया जवळ ढगाची एकच काच हाये, मुंबईहून आणलेली. ज्याच्या त्याच्या तसबिरीत तोच ढग बसवून राह्यलो. मंग एक दिवस एक शेट दुसऱ्या शेटच्या घरी पाहुणा गेला. भिंतीकडे पायते अन म्हणते, हा त माया ढग!"

"मंग?"

"मंग दोघं भांडले. ढग कोनाचा यावर. अन शेवटी दोघायनंई मले बोलावणं बंद केलं." तो मनापासून हसला. "तवापासून मी दुसऱ्या ढगाच्या शोधात हाओ. तुमच्या बापाची काच काल मी रोगण पल्याड ठेवून उजेडात धरून पायली. काळा रेडा दिसला, डाव्या हाताले तोंड करून. असा बाका ढग चोरून मी करू काय? जिथी छापीन तिथी लोक ओळखतीन. बैल काय रोज निघते आभाळात?"

पुंजाराम अजून बैलांच्या आडच होता.

"बाई, खरं सांगू? तुमची एखादी काच फुटली असती त मी गावाले गूळ वाटला असता. या काचांपायी खुशालराव मले गाडी कशी हाकू देत, माहीत हाये ना? नवरीची डोली परवडली. बाकीचे गाडीवाले कापूस भरून टपटपा पुढं निघून जात, अन जाता जाता मले विचारत, काहून बे, गाडीत बाळंतीण हाये काय?"

"मंग तुमीच घेतली म्हणता?"

त्याचं हसू गेलं. "खुशालरावची शेवटची काच? मी?" तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मी त्याइले उचलून घरात नेलं होतं बाई. काच त्याइच्या छातीवर होती. तिले चरा पडू दिला नाई मी."

मी विचारलं, "जेवणाच्या वेळी इकडून कोन आलं गेलं?"

"कोनी नाई. म्हणजे, कापूसवाले आले. मालक आले, ओरडले, गेले. नत्थुजी पान खायाले बसला. मनकर्णाबाई सकाळीच वांगे घेऊन मागं गेली होती, थे पंगत बसल्यावर रिकामी टोपली घेऊन निघून गेली. दोनी हातात अशी धरली होती टोपली, जसं पूजेचं ताट. मी म्हटलं, म्हातारपणी रिकामी टोपली बी जड होते."

४

मनकर्णाबाई पायरीवरून हललेली नव्हती. तिची टोपली झेंडूनं भरत आली होती.

"मावशी, तुमी बाबांना ढग टिपताना पायलं होतं?"

"न पायाले काय झालं? माया मळ्याच्या धुऱ्यावरच त थे तीन पायाचं घोडं उभं करून बसला होता तुया बाप. डोक्यावर काळं फडकं घेऊन. पाखरं भेली माये." तिनं एक देठ मोडलं. "मी म्हटलं, बाप्पा, आभाळाचं चित्र कायले काढता? आभाळ काय पळून चाललं?"

बायका हसल्या. मलाही हसू आलं. बाबांना हे आवडलं असेल.

"मंग काय म्हणाले?"

"म्हणे, पळूनच चाललं मनकर्णाबाई. वर पायून घ्या." तिनं फूल टोपलीत टाकलं. "पायलं, त बैल होता. एक शिंग खाली वळलेलं."

"अन काच? काच पायली तुमी?"

"काच कायची? आभाळ पायलं त काच पाहाची काय गरज?"

तिच्या मळ्यातल्या भाज्यांना गावात तोड नव्हती आणि तिच्या जिभेलाही. ती एकटीच राहत असे. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगी दूर दिलेली. मोट, दोन बैल आणि ती. कोणाच्या तसबिरीशी तिला देणंघेणं नव्हतं. मी तिला मनातल्या मनात यादीतून काढून टाकलं.

आता माझ्याकडे कोणीच उरलं नव्हतं. ऊन उतरू लागलं, आणि भगवंतराव पुंजारामला धरायच्या तयारीनं पागोटं बांधू लागले.

तेव्हा मला चुलीजवळ राखेचा ढीग दिसला.

५

"सगळ्यायनं मले थो ढग काढून दाखवा," मी म्हटलं, आणि राखेचं सूप अंगणात ठेवलं.

माझा हिशेब साधा होता. गावानं तो ढग आभाळात घटकाभर पाहिला, त्याला दोन महिने झाले. कोणाला तो बारकाव्यानं आठवणार नाही. पण ज्यानं काच आज नेली त्यानं ती डोळे भरून पाहिली असेल, आणि त्याचा बैल सगळ्यांत नीट उतरेल.

भगवंतरावांना ही कल्पना इतकी आवडली की ते रागावलेले होते हेच विसरले. धोतर सावरून ते सारवलेल्या अंगणात बसले आणि चिमटीनं राख सोडू लागले.

"मालक, शेळी छान झाली," पुंजाराम म्हणाला.

"शेळी नाई बे! बैल!"

"मंग दाढी कायची हाये?"

"थे गळ्याचं कातडं हाये! तूच काढ!"

पुंजारामनं काढला. आयुष्यभर बैलांच्या मागं बसलेल्या माणसाचा बैल तो. पाठ आणि वशिंड अचूक, तोंडाचा मात्र त्यानं अंदाजच केला होता. डाव्या हाताला निघालेला. भगवंतरावांची शेळीही डावीकडेच चालली होती. नत्थुजीनं तर दोन बोटांत असा बैल उभा केला की बायका "अगं माय" म्हणाल्या. वळलेलं शिंग, वर उचललेला पाय, तोंड डावीकडे.

सगळ्यांत नीट बैल नत्थुजीचा होता. पण नीट काढणं हा त्याचा पोटाचा धंदाच होता, आणि काच पाहिल्याचं त्यानं आपणहून सांगितलं होतं.

"मनकर्णाबाई, तू काढ व," कोणीतरी म्हणालं.

"मले काय येते? मी वांगे काढते, बैल नाई."

"काढ ना माये, मालकानं शेळी काढली, तुया उंदीर झाला तरी चालन!"

ती उठली, पदर खोचला आणि वाकली. तिनं विचार केला नाही. हात एकदा फिरला आणि बैल अंगणात उभा राहिला. शिंग खाली वळलेलं. मानेवर जुवानं पडावी तशी एक खाच, जी मी काचेवर आणि कागदावरच पाहिली होती. शेवटी शेपटीपाशी तिनं राखेचा एक छोटा लांबट गोल काढला.

"हे काय मावशी?"

"ढगाचा तुकडा," ती म्हणाली, आणि हात झटकून पायरीवर जाऊन बसली.

मी तिच्या बैलाकडे बघत उभी राहिले. बाकीचे सगळे बैल, आणि शेळी, एका बाजूला चालले होते. हा एकटा त्यांच्यासमोर तोंड करून येत होता.

"बस," मी म्हटलं. "काच उद्या सकाळी भेटन. पुंजारामकाकायनं घेतली नाई."

"मंग कोनं घेतली?" भगवंतराव ओरडले.

"सकाळी," मी म्हटलं. लोटाभर पाणी आणून मी अंगण शिंपडलं. सगळ्यात आधी तिचा बैल पुसला.

६

सकाळी ऊन चढल्यावर मी भगवंतरावांसाठी तयार केलेल्या कागदांतले दोन कागद, उतरवायची चौकट आणि धुवायच्या परातीचं सामान घेऊन नाला ओलांडला. मनकर्णाबाई मोटेवर होती. मला पाहून तिनं बैल थांबवले.

"आली," ती म्हणाली. एवढंच.

"मावशी, तुमी म्हणालात, आभाळ पायलं, काच नाई पायली. पन आभाळात बैल डाव्या हाताले चालला होता. ज्यायनं आभाळ पायलं त्या सगळ्यायनं तसाच काढला. कागदावरई तसाच हाये. थो उजवीकडे निघते फक्त काचेवर, अन तेई रोगणाची बाजू वर ठेवून काळ्यावर पायली तरच. भगवंतकाकांचा मस डाव्या गालावर गेला ना, तसंच."

ती कासरा हाताला गुंडाळत राहिली.

"तेवढंच असतं त मी म्हटलं असतं, भाद्रपदात बाबायनं दाखवली असन. पन शेपटीपाशी तुमी गोल काढला. थो ढगाचा तुकडा नाई मावशी. थो बाबांचा अंगठा हाये, अन थो अमरावतीले उमटला. म्हणजे काच तुमी आता पायली. टोपली दोनी हातात काहून होती, थे मंग कळलंच."

मोटेचं उरलेलं पाणी पाटानं मेथीच्या वाफ्यांत जात होतं. ती गोठ्याकडे चालू लागली, मी मागोमाग. गोठ्याच्या बाजूला तिनं हातभर जागा उकरून माती भुसभुशीत, सपाट केली होती. त्यावर एक सूप पालथं होतं. तिनं ते उचललं.

काळ्या मातीवर काच होती आणि काचेत बैल. घोंगड्यावर तो इतका पांढरा कधी दिसला नव्हता.

"रोगणाची बाजू वर ठेवली," ती म्हणाली. "तुया बापानं सांगतलं होतं. चरा नाई पडला. पाय."

चरा नव्हता. मी खाली बसले.

"हा सरदार," ती म्हणाली. "माया बैल. एक शिंग वासरू असतानाच वळलं. मोट वढली त्यानं, कितीतरी सालं. श्रावणात निजला थो उठला नाई. म्हातारा झाला होता, काई दुखलं-खुपलं नाई. अन भाद्रपदात पायते त आभाळात! पन मावळतीकडे चालला होता. मी म्हटलं, जाऊन राह्यला बा, जाऊ दे." तिनं नाकावरून पदर फिरवला. "मंग तुया बापानं काच उजळून ओलीच आणली अन इथी मातीवर ठेवली. पायते त सरदारचं तोंड उजव्या हाताले. गोठ्याकडे! म्हटलं, हा त येऊन राह्यला."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणे, दिवाळीले कागदावर उतरवून आणून देतो. मी म्हटलं, तुमी लोक येतच नसता पुन्हा. म्हणे, मी येतो." तिनं हातातलं सूप भिंतीला टेकवलं. "नाई आला."

"मंग मले मागितली काहून नाई?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतक्या काचा हाताळून काहीच शिकले नाही. "तुया बाप गेला पोरी. त्याचं शेवटचं तेवढंच तुयापाशी. अन मी बैलासाठी मागू?"

मी काचेवरची मातीची कणी फुंकली.

"एक दिवस पाहाची अन दुसऱ्या दिवशी वांग्यासंग परत ठेवाची होती," ती पुटपुटली. "पन थो भगवंत असा बोंबलला, जशी त्याची म्हैस गेली."

मी चौकट उघडली. आधी माझा कागद, नेहमीसारखा, रोगणाची बाजू कागदाला लावून. ऊन कडक होतं. कागद तांबूस होत गेला आणि बैल वर आला, डावीकडे निघालेला, मावळतीकडे. मनकर्णाबाई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"कागदावर असाच येते काय?" तिनं विचारलं. "जाताना?"

"असाच येते."

ती मोटेच्या बैलांपाशी गेली आणि उगाच त्यांची वेसण चाचपू लागली.

दुसरा कागद हातात घेऊन मी बसले होते. बाबांनी काय केलं असतं? त्यांनी दिलेला शब्द कागदाचा होता, पण तिला कागद नको होता, येणारा बैल हवा होता. मग मी काच उलटी केली. गुळगुळीत बाजू कागदावर, रोगणाची वर. कामाच्या रीतीनं हे चूक. प्रकाश काचेच्या जाडीतून जाताना पसरतो आणि कडा मऊ पडतात. पण रोगणाची बाजू वरच राहिली. बाबांची ताकीद मोडली नाही.

"मावशी, या."

ती आली. चौकटीत बैल उजवीकडे येत होता. कडा पसरलेल्या, शिंगाचं टोक धुरकट.

"धुळीतून येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं हसली. "असाच येत असे थो संध्याकाळी! धुळीतून! पाय व, असाच!"

चित्र पक्कं करणाऱ्या सोड्याच्या पाण्यातून कागद काढून आम्ही ते पाटात सोडले. बाबांच्या आजारपणात एका कागदाला पुरतं पाणी मिळालं नव्हतं. इथं तिनं बैल जुंपले आणि दुपार कलेपर्यंत मोट चालू ठेवली. मेथीला नको इतकं पाणी झालं.

भगवंतराव नाल्यापलीकडून हाका मारत आले. "सकाळ झाली! चोर कुठी हाये?"

"चोर नाई काका. बाबांनी दिलेला एक शब्द राहिला होता. थो वसूल झाला."

"मंग माया ढग?"

"तुमाले मस पायजे की ढग?" मी थाप मारली. "दोन्ही एकाच कागदावर मावत नाई."

त्यांनी गालाला हात लावला, बराच विचार केला आणि मस पसंत केला.

परतीच्या वाटेवर पुंजारामनं न सांगता गाडी हळू हाकली. माझा कागद पिवळा पडला नाही. आजही पडलेला नाही. त्यावर बैल चालला आहे, दूर, मावळतीकडे. मनकर्णामावशीच्या गोठ्यात जो कागद आहे, त्यावर तो घरी येतो आहे. शेपटीपाशी बाबांचा अंगठा दोन्हींवर आहे. माझ्या कागदावर तो निरोप दिल्यासारखा वाटतो. मावशी म्हणते, माझ्या कागदात नीट बघ, तो बैलाला मागून हाकतो आहे.